दुसरी सही

"ही सही माझी नव्हे," बाई म्हणाल्या.

२०१२चा जून. शुक्रवार, म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा दिवस. माझं सीएचं ऑफिस बाजाराच्या अंगाला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. त्यामुळे शुक्रवारी खालचा गलबला जिना चढून वर येतो. बाईंनी छत्री दारातल्या बादलीत उभी केली, तायकिळ्याच्या जुड्यांनी फुगलेली पिशवी खुर्चीच्या पायाशी टेकवली आणि पर्समधून आयकर खात्याचं फोडलेलं पाकीट काढून माझ्यापुढे सरकवलं. पेडणे तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत त्या शिकवायच्या. शाळा सुटल्यावर बस धरून थेट आल्या होत्या. त्यांचे यजमान छोटे सरकारी ठेकेदार. गटारं, संरक्षक भिंती, शाळांची दुरुस्ती. दोघांचीही विवरणपत्रं मी सात वर्षं भरत होते. बाईंना मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते.

पत्रात १६,००० रुपये आणि वर थोडं व्याज, एवढा कर त्यांच्या नावावर थकीत असल्याचं म्हटलं होतं. मी फाईल काढली. त्या काळी विवरणपत्र संगणकावरून भरलं तरी पोचपावतीच्या कागदावर सही करून तो टपालाने पाठवावा लागे. त्या कागदाची प्रत फाईलला लावलेली होती. बाईंनी ती हातात घेतली, चष्मा नाकावर ओढला आणि ते वाक्य बोलल्या. आवाजात राग नव्हता. पोराच्या वहीत बापाने गृहपाठ लिहून दिला की मास्तरीण ज्या सुरात विचारते, तो सूर होता.

मग माझ्या टेबलावरचं पेन उचलून त्यांनी पाकिटाच्या कडेला स्वतःची सही करून दाखवली. तीस पोरांसमोर रोज फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर. गोल, सुटं, वर डावीकडून उजवीकडे सरळ ओढलेली रेघ. फाईलमधली सही घाईची, शेवटी शेपटी फेकलेली. तशीच शेपटी त्यांच्या यजमानांच्या सहीलाही होती.

मला ते तोवर दिसलं नव्हतं, असं म्हटलं तर खोटं ठरेल. दिसलं होतं. पहिल्याच वर्षी दिसलं असणार. पण जुलै महिना, बाहेर बाकावर सहा माणसं, आणि समोर एक ठेकेदार दोन कागद व्यवस्थित सह्या करून घेऊन आलेला. मी कागद पाकिटात घातले आणि पाकीट टपालात टाकलं.

हे पत्र का आलं ते समजायला गोव्याचा एक कायदा समजून घ्यावा लागतो. गोव्याबाहेरचे माझे व्यवसायबंधूसुद्धा तो ऐकून "असं कुठे असतं का?" म्हणतात. पोर्तुगीज गेले १९६१मध्ये, पण त्यांची १८६७ची नागरी संहिता १९६२च्या कायद्याने इथेच ठेवून घेतली गेली. लग्नाआधी नवरा-बायकोने वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता एक होते, निम्मी निम्मी. आयकर कायद्याला याची दखल घ्यावी लागली ती ५-अ या कलमाने. १९९४च्या वित्त कायद्याने हे कलम घातलं आणि लागू केलं थेट १ एप्रिल १९६३पासून. (कलमाच्या मजकुरात ती संहिता १८६०ची म्हटली आहे. सात वर्षांची चूक देशाच्या कायद्यात छापलेली असताना मी माझ्याकडे शिकाऊ असलेल्या आर्टिकलच्या मुलांना एका दिवसाच्या चुकीवरून कसं ओरडू?) कलम सांगतं की पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न नवरा-बायकोत समान वाटायचं आणि ज्याच्या-त्याच्या विवरणपत्रात दाखवायचं.

पगार सोडून, हे महत्त्वाचं. माझ्याच घरचं उदाहरण देते. माझा नवरा बँकेत. त्याचा पगार पूर्ण त्याचा. माझी फी मात्र व्यवसायाचं उत्पन्न, म्हणून निम्मी त्याची. मी रात्री दोनपर्यंत ताळेबंद जुळवायचे आणि त्यातला अर्धा घाम कायद्याने याच्या कपाळावर! लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जुलैमध्ये आमच्याकडे या विषयावर थोडी बोलाचाली होतेच.

बाईंच्या बाबतीत उलट होतं. यजमानांनी वर्षात ३२ लाखांची कामं केली. आठ टक्क्यांनी नफा धरला तर २,५६,०००. त्यातले १,२८,००० बाईंच्या विवरणपत्रात, त्यांच्या पगाराच्या डोक्यावर. बिलं देताना काम देणाऱ्या सरकारी खात्याने एक टक्का कर कापला होता, म्हणजे ३२,०००. त्यातला निम्मा, १६,०००, बाईंच्या नावे मागितला. पण कापलेला कर नोंदला गेला होता यजमानांच्या पॅनवर. बाईंच्या पॅनवर शून्य. यंत्राने दोन आकडे शेजारी ठेवले, ते जुळले नाहीत, पत्र निघालं.

आणि हे पत्र निघणार, हे मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका जोडप्याला असंच पत्र आलं होतं. दुरुस्तीचा अर्ज, कार्यालयात खेपा, सगळं करून ते मिटलंही होतं. यंदा आणखी काही घरांत अशी पत्रं जाणार, हे तेव्हाच दिसत होतं. एकेकाला फोन करून एवढंच सांगायला हवं होतं की पत्र येईल, घाबरू नका, पैसे भरू नका, माझ्याकडे आणा. मी केला नाही. आल्यावर बघू, म्हटलं.

"सात वर्षं माझ्या नावावर एवढं उत्पन्न आहे," बाई म्हणाल्या, "आणि गेल्या चवथीला घराला रंग काढायचा म्हणून मी सोसायटीचं कर्ज काढलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयकराच्या कागदावर निम्मं उत्पन्न येतं म्हणून निम्मे पैसे खात्यात येत नाहीत, हे त्यांना समजावलं. त्यांना ते माझ्याआधी समजलेलं होतं.

माझ्या धंद्यात समोरच्या माणसाला काय म्हणायचं, याचा घोळ जुना आहे. वकिलांकडे अशील असतो. दुकानदाराकडे गिऱ्हाईक. भटजींकडे यजमान, आणि तो शब्द मला सगळ्यांत देखणा वाटतो, कारण दक्षिणा देणाराच त्यात कर्ता ठरतो. म्हापशाच्या बसस्टँडवरचा मोटारसायकल पायलट, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारा, "खंय वचपाचें पात्रांव?" (कुठे जायचंय?) म्हणून हाक मारतो, पात्रांव म्हणजे धनी, पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला शब्द. आमच्या ऑफिसात सगळे सरळ 'पार्टी' म्हणतात. "मॅडम, डिचोलीची पार्टी आलीय." पणजीला ज्यांच्याकडे मी आर्टिकलशिप केली ते आमचे सर मात्र पार्टी म्हटलं की चिडायचे. "इथे काय लग्न आहे?" म्हणायचे. ते 'मंडळी' म्हणत. कुडचडेची मंडळी, काणकोणची मंडळी. एकटा माणूस आला तरी मंडळीच. तेव्हा आम्हाला हसू यायचं. बाई येऊन गेल्या त्या रात्री मला तो शब्द आठवला. सरांनी तो फार विचार करून निवडला असेल असं नाही, पण गोव्यातल्या आयकरवाल्याला त्याहून नेमका शब्द सापडायचा नाही. इथे समोर एकटं माणूस कधी बसलेलंच नसतं. शेजारी एक रिकामी खुर्ची असते आणि तिच्यावरच्या माणसाच्या नावाने निम्मा कागद असतो.

सरांची एक वही होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची. प्रत्येक मंडळीच्या नावापुढे पॅन, वॉर्ड वगैरे असायचंच, पण शेवटच्या रकान्यात नुसता एक आकडा: दीड, पाच, सात, नऊ, अकरा. त्यांच्या घरचा गणपती किती दिवसांचा, तो आकडा. चवथ भाद्रपदात आणि ऑडिटची मुदत तिच्या मागोमाग, म्हणजे आमच्या हातघाईच्या दिवसांतच अर्धा गोवा कुलपं लावून आपल्या मूळ घरी गेलेला. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, नेवऱ्या म्हणजे करंज्या तळायच्या, पाहुणे. दीड दिवसवाल्याला तिसऱ्या दिवशी फोन केला तर चालतो. अकरा दिवसवाल्याला पाचव्या दिवशी खरेदीची बिलं मागितली तर तो देतो, पण मनातून उतरतो. सर स्वतः दरवर्षी सात-आठ घरी दर्शनाला जायचे. सोबत आम्हाला न्यायचे. अट एकच, पिशवीत फाईल नको. एकदा केप्याला एका घरी यजमानांनी आरती झाल्याबरोबर नोटिशीचा विषय काढला, तर सर म्हणाले, "आज मी फक्त नेवऱ्या तपासणार."

त्या काळात, आणि खरं तर आजही, आम्हा सनदी लेखापालांना काम मागत फिरता येत नाही. १९४९च्या आमच्या कायद्याच्या परिशिष्टात ते गैरवर्तनात मोडतं. समोर नवं हॉटेल उभं राहताना दिसलं तरी जाऊन "तुमचे हिशेब मी बघू का?" असं विचारायची सोय नाही. त्यामुळे कोण येणार ते तुम्ही ठरवत नाही. आलेलं माणूस जिना उतरून गावात काय बोलतं, ते ठरवतं. गोवा छोटा. कुणाचा सीए काय बोलला हे फोंड्याच्या बाजारात संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं.

त्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातलं पहिलंच कलम गुपिताचं. कामाच्या ओघात कळलेली माहिती क्लायंट सोडून दुसऱ्या कुणाला, त्याच्या संमतीशिवाय सांगितली तर दोष आपला. परीक्षेसाठी हे मी पाठ केलं होतं. 'क्लायंट सोडून' या दोन शब्दांत काही अडचण आहे हे बाईंचे यजमान येईपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

ते चार दिवसांनी आले. बसले नाहीत. "मॅडम, घरची गजाल घरांत उरूंक जाय आशिल्ली," म्हणाले. घरची गोष्ट घरातच राहायला हवी होती. एरवी आमच्याशी मराठीत बोलणारे गृहस्थ रागाने कोंकणीवर गेले होते. ३२ लाखांचा आकडा बायकोला मी सांगितला, असा त्यांचा आरोप. मी म्हटलं, ज्या कागदावर तो आकडा आहे तो कागद त्यांचाच आहे, त्यांच्या नावाचा. त्यांच्या कागदाविषयी त्यांनीच विचारलं तर मी कुणाची परवानगी घ्यायची? आणि आता सहीचंही बोलूया.

सहीचं म्हटल्यावर ते बसले.

खूप वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले की तिला शाळेतून यायला उशीर होतो, मुदत असते, तुम्हीच म्हणता लवकर पाठवा. हे खरं होतं. मीच म्हणत होते. इतकी वर्षं मला सोयीचं होतं म्हणून दुसरी सही कुठून येते हे मी विचारलं नव्हतं. गोव्यात एखाद्याला जमिनीचा तुकडा विकायचा तर बायकोच्या सहीशिवाय विक्रीखत होत नाही. सब-रजिस्ट्रारसमोर तिला बोलावतात, फोटो काढतात, अंगठा घेतात. आणि मी, स्वतः बाई असून, तिचं वर्षाचं विवरणपत्र नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून घेत आले होते.

दुरुस्तीच्या अर्जावर बाईंनी माझ्यासमोर बसून सही केली. सव्वा वर्ष लागलं, मागणी रद्द झाली. त्या कामाची फी मी लावली नाही. पण हे मोठेपणाने सांगण्यासारखं नाही. चूक आपली असताना फी सोडणं म्हणजे दुसऱ्याचं फोडलेलं मडकं भरून देणं.

त्या वर्षापासून मी एक पद्धत घातली. वर्षातून एकदा दोघांनी मिळून यायचं. पंधरा मिनिटं. कागद वाचून दाखवते, आकडा सांगते, मग सह्या. याने काही मंडळी गेली. एका हॉटेलवाल्याने सरळ सांगितलं, "बायलांक कित्याक हातूंत?" (बायकांना यात कशाला?) आणि पुढच्या वर्षापासून फाईल दुसरीकडे नेली. काही बायका येऊन मोबाईल बघत बसायच्या, कधी एकदा सुटते असं तोंड करून. एक काकू दर वर्षी एकच प्रश्न विचारायच्या, "म्हणजे पैसे भरायचेत की मिळायचेत?" त्याच्यापलीकडे त्यांना काही नको होतं, आणि खरं सांगायचं तर प्रश्न बरोबर होता. पण एकदा वाळपईच्या एका घरची सून आकडे ऐकता ऐकता म्हणाली, "हे बिल दोनदा लागलंय." लागलं होतं. माझ्या आर्टिकलच्या मुलाने आणि माझ्या नजरेनेही ते सोडलेलं. ती बारावी शिकलेली, घरचं काजूचं वजन मांडणारी मुलगी.

त्याच २०१२च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मी मूळची डिचोलीची. आमच्याकडे दोरीवरचे कपडे वाळून आत आणले की त्यांना खाणीची तांबडी धूळ असायची. पाहुण्यांना ती मळ वाटे, आम्हाला ते कपडे धुतल्याचं लक्षण. पाळी-सुर्लच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागायची ती एका रात्रीत संपली. माझ्या वडिलांकडे शाळेत शिकलेले एक गृहस्थ, मी त्यांना दादा म्हणते, त्यांचे आठ ट्रक होते. सगळे कर्जाचे.

दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्याला आयकरात हिशेब ठेवण्यातून सूट मिळते. गाडीमागे ठरावीक उत्पन्न मानलं जातं; तेव्हा अवजड गाडीला महिन्याला ५,००० रुपये. 'मानलं जातं' हे शब्द ध्यानात घ्या. कायदा पाहतो गाडी मालकीची आहे का. ती चालली का, हे विचारत नाही. आठ गाड्या, वर्षाला ४,८०,०००, ५-अ प्रमाणे निम्मे वहिनींचे. विमा वगैरे वजा करून कर जवळपास नसायचाच. पण कागद बोलायचा की घर कमावतं आहे. कमी उत्पन्न दाखवायचं तर वह्या ठेवा, ऑडिट करून घ्या, म्हणजे पुन्हा खर्च.

"बाय, गाडी अंगणात," दादा म्हणाले. "चाकाखाली तण वाढलंय. आणि तुझ्या कागदावर ती महिन्याला ५,००० मिळवते. तिलाच विचार एकदा, कुठून आणते."

त्यांचं बिल थकलं. पहिल्या वर्षी त्यांनी विषय काढला. दुसऱ्या वर्षी ते आलेच नाहीत. म्हापशात एकदा मला पाहून त्यांनी रस्ता ओलांडला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं काय होतंय ते. मी सरांना फोन केला. सर तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. म्हटलं, त्यांना बिल माफ करून टाकते. सर म्हणाले, "माफ केलंस तर तो पुन्हा तुझा जिना चढणार नाही. उधारी असेल तर निदान एक नातं आहे."

मग मी बिल पाठवणं थांबवलं, पण वहीत ओढत राहिले. आणि जुलै आला की फोन मीच करायचा, "दादा, गाड्यांचे कागद घेऊन या." ते यायचे. उठताना विचारायचे, "माझे किती झाले?" मी नेमका आकडा सांगायचे. रुपये, पैशांसकट. "जाऊ द्या हो" असं एकदाही म्हटलं नाही. हे कठोर वाटेल. मला वाटतं, त्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतंय एवढंच त्या दिवसांत त्यांच्याकडे पूर्वीसारखं राहिलं होतं. सरकारने ट्रकवाल्यांसाठी मदत काढली, तिचे अर्ज आम्ही भरले. त्यांनी पाच गाड्या विकल्या. एक तर भंगारात.

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री नोटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ऑफिसात जी गर्दी झाली ती जुलैतही होत नाही. तीन-तीन वर्षं बिल विसरलेल्या मंडळींना एका रात्रीत आठवण झाली होती. पाचशेच्या, हजारच्या गड्ड्या. "मॅडम, जुनं सगळं मिटवून टाकूया." एकाने तर पुढच्या दोन वर्षांची फी आगाऊ देऊ केली. मी घेतल्या नाहीत, आणि त्या आठवड्यात कोण आला ते मात्र वहीत टिपून ठेवलं. दादा आले नाहीत. ते आले जानेवारीत, चेक घेऊन, पूर्ण रकमेचा. पाठी वहिनी. चेकवर सही वहिनींची होती. खातं त्यांनी वहिनींच्या नावावर फिरवलं होतं. २०१८च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या निकालाने खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा त्यांच्याकडे एकच गाडी उरली होती, आणि ती चिरे वाहत होती.

सगळीच नाती राखावीत असं मला वाटत नाही. एक जण आला होता, लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार झाला होता असं 'दाखवायचं का' विचारायला. बायको माहेरी गेलेली. मी त्याला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडलं. दुसरा एक, दिल्लीचा, आसगावात घर घ्यायला आलेला. जमिनीचा एक-चौदाचा उतारा नवऱ्याच्या नावावर, मग विक्रीखतावर बायकोची सही कशाला, आणि कर कापायचा तो दोघांच्या नावे वेगवेगळा कशाला, असं रात्री अकराला फोन करून विचारायचा. मी सकाळी उत्तर द्यायचे. "तुम्ही गोवेकर फारच सुसेगाद," असं हसत म्हणाला. सुसेगाद, म्हणजे निवांत, हा शब्द आम्हाला शिकवायला लोक विमानाने येतात. त्याचं काम नीट करून दिलं आणि पुढच्या वर्षी फोन उचलला नाही.

१ जुलै २०१७पासून जीएसटी आला आणि नात्यांचं वेळापत्रकच बदललं. वर्षातून एकदा मानकुरादचा डझन घेऊन येणारी मंडळी आता दर महिन्याच्या २० तारखेला दारात. येतात म्हणजे तरी काय, बिलांचे फोटो मोबाईलवर पाठवतात. एक तिरका, एक अंधारात, एक ज्यावर पावसाचा थेंब. आंबे अजून येतात, पण हल्ली बसने येतात, ड्रायव्हरकडे ठेवलेले. तोंडावर बोलणं कमी झालं तेव्हा मला वाटलं, माझी ती पंधरा मिनिटांची पद्धतही आता बुडणार.

तिला वाचवलं ते ओटीपीने. आता विवरणपत्राच्या कागदावर फारसं कुणी सही करत नाही. आधारला जोडलेल्या मोबाईलवर सहा आकडे येतात, ते टाकले की झालं. गंमत अशी की सही शर्टाच्या खिशातून येऊ शकते, ओटीपी येत नाही. तो ज्याचा त्याच्या मोबाईलवर येतो आणि थोड्या वेळात मरतो. नवरे माझ्यासमोर बसून घरी फोन लावतात, "अगो, मोबाईल पळय मगो, नंबर आयलो काय?" आणि पलीकडून विचारणा होते: कसला नंबर? कशासाठी? बँकेने सांगितलंय कुणाला सांगायचा नाही म्हणून. मग नवरा माझ्याकडे मोबाईल देतो आणि मला तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मी सांगते. घाई असली तरी सांगते.

ठेकेदार काही माझं दार सोडून गेले नाहीत. दोन वर्षं गप्प गप्प यायचे. हल्ली कामं घेत नाहीत, गुडघे गेलेत. बाई निवृत्त झाल्या. गेल्या जुलैत शेवटच्या आठवड्यात शुक्रवारीच आल्या, तशाच, छत्री बादलीत. यजमानांना जिना झेपत नाही, ते खाली स्कूटरपाशी पिशव्या सांभाळत उभे होते. पेन्शन पूर्ण बाईंची, ठेवींवरचं व्याज अर्धं इकडे अर्धं तिकडे. मी वाचून दाखवलं, बाईंनी एका ठिकाणी थांबवून व्याजाचा आकडा पुन्हा बेरीज करून पाहिला. त्यांचा मोबाईल वाजला, आणि लगेच पुन्हा एकदा वाजला. यजमानांचा मोबाईल विहिरीत पडल्यापासून त्यांचं आधारही बाईंच्याच नंबरला जोडलेलं आहे.

"दोन आलेत," मी म्हटलं. "कुठला कुणाचा?"

बाईंनी चष्मा नाकावर ओढला. "पहिला माझा," म्हणाल्या. "घ्या लिहून."